पाण्यात चरबी जाळणारा उस्ताद

"बुडाला! बुडाला!"

असं ओरडून लोक टाळ्या वाजवत होते. माणूस बुडाल्याचा एवढा आनंद मी आधी कुठे पाहिला नव्हता.

पोहण्याच्या सार्वजनिक तलावाच्या चारही कडांना रविवारची गर्दी दाटली होती. पुढच्या रांगेत अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करणारी पोरं, त्यांच्या मागे आया, बाप, काका-मामा आणि अगदी मागे टाचा उंचावून बघणाऱ्या बहिणी. क्लोरीनच्या वासावर कसल्याशा झोंबऱ्या मलमाचा वास चढला होता. तलावाच्या काठाला जीवरक्षकासाठी एक उंच खुर्ची होती. तिच्यावर जीवरक्षक नव्हता. लाल ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात शिट्टी आणि हातात कर्णा घेतलेला एक रुंद माणूस बसला होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. कशातला उस्ताद, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"मंडळी, चरबी कुठे जाते?" उस्तादाने कर्ण्यातून विचारलं.

"वर!" पोरं ओरडली.

"आणि पोलाद?"

"खाली!"

"तेल पाण्यावर येतं की नाही? साय दुधावर येते की नाही? मग तुमच्या पोरात काय भरलंय ते पाणीच सांगेल. वजनकाटा खोटं बोलतो. त्याला हाड कळत नाही, मांस कळत नाही, चरबी कळत नाही. आरसा खोटं बोलतो. आणि सगळ्यात खोटं कोण बोलतं? आई! म्हणते, 'बाळ माझं वाळलं गं!'"

आया लाजून हसल्या. वजनकाट्याबद्दल तो म्हणाला ते खरं होतं. पुढच्या थापा पचवायच्या असतील तर आधी एक खरं वाक्य चारावं लागतं.

त्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात काम करणारा एक पोरगा नवीन आला होता. त्याला पाण्यात उतरवलं.

"छाती भर!" उस्ताद गरजला. "आणखी भर! मर्दासारखी! आता गुडघे पोटाशी घे आणि दे सोडून स्वतःला."

पोरगा बुचासारखा वर आला. त्याच्या पाठीचा गोल पाण्याबाहेर राहून हलत होता. तलावाभोवती हशा पिकला.

"बघा, बघा! बुडायला सांगतोय तरी बुडत नाही. इतकी चरबी!"

मग त्याला काठावर काढलं. उस्ताद खुर्चीवरून खाली उतरला, शिडीला दोन्ही हातांनी घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत. तळहात एकमेकांवर चोळून त्याने पोराच्या पोटावर मलम रगडलं. याला 'अग्निस्पर्श' म्हणायचं. कातडी लालबुंद झाली.

"जळतंय?"

"हो उस्ताद!"

"जळणारच! वीस वर्षांची साठवण आहे! आता आतली वाफ बाहेर टाक. हूंऽऽ! थांबायचं नाही! उरलीसुरली पण काढ!"

सगळा तलाव त्याच्याबरोबर हुंकारला. पोराचा आवाज बारीक होत होत विझला, चेहरा जांभळा पडला आणि त्याच क्षणी उस्तादाच्या चेल्यांनी त्याला पाण्यात सोडलं. या वेळी तो दगडासारखा तळाशी गेला.

"बुडाला!"

माझ्या ताईला आनंदाने रडू आलं होतं. "बघितलंस? डोळ्यांदेखत! तू दिवसभर फॅटच मोजत बसतेस ना, म्हणून मुद्दाम आणलं तुला. तुझ्याच विषयातलं आहे."

मी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. येणाऱ्या प्रत्येक टँकरमधल्या दुधात फॅट किती, पाणी किती, हे मी सांगितल्याशिवाय टँकर रिकामा होत नाही. ताई भरती झालेल्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करते. आम्ही दोघी एकाच इमारतीत वरखाली राहतो.

"दोन मिनिटांत चरबी गेली, तर ती गेली कुठे?" मी विचारलं.

"जळाली. म्हणाले ना ते."

"एवढी चरबी दोन मिनिटांत जळाली तर तो मुलगा भाजून निघेल, ताई."

"तू ना, कधी खूश व्हायचंच नाही असं ठरवून घरातून निघतेस."

तिच्या खुशीला कारण होतं. तिचा मुलगा, माझा भाचा, त्या पुढच्या रांगेत निळा पट्टा बांधून उभा होता. एकदा बुडलं की पिवळा पट्टा. तळाशी थांबता आलं की निळा. आणि उस्तादाची शिट्टी होईपर्यंत तळाशी पडून राहिलं की लाल, म्हणजे वज्र. पुढच्या रविवारी तो वज्रबुडी घेणार होता आणि त्यानंतर तीनच दिवसांनी भरतीची परीक्षा होती.

भाच्याला घरात सगळे गुब्या म्हणतात. लहानपणी तो होताही तसाच. आता एकविसाव्या वर्षी त्याचं पोट जरासं पुढे होतं, बाकी अंग भरीव आणि पाय मजबूत. आदल्या वर्षी तो धावण्यात थोडक्यात मागे पडला होता. अंगावरची थोडी चरबी उतरली असती आणि धावण्याचा सराव वाढला असता, तर त्याचं काम झालं असतं. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. पण त्यात मलम नव्हतं, हुंकार नव्हता, पट्टा नव्हता. ते कोण ऐकणार?

त्या आठवड्यात एकदा कामावरून येताना तो मला जिन्यात बसलेला दिसला. दोन मजले चढायचे राहिले होते आणि तो कठड्याला डोकं टेकून बसला होता.

"काय रे, किल्ली विसरलास?"

"नाही मावशी. जरा बसलोय."

"जेवलास?"

"काकडी खाल्ली."

"आणि?"

"पाणी."

"काकडीतही पाणीच असतं. म्हणजे पाणी आणि पाणी."

तो कसनुसा हसला. त्याच्या गालाची हाडं वर आली होती, ओठ कोरडे पडले होते. "तुला नाही कळणार, मावशी. उस्ताद म्हणतात, आत काही उरलं तर माणूस तरंगतो. वज्राला रिकामं व्हावं लागतं."

"आणि धावणं? शिडी? पुतळा ओढायचा सराव कधी करतोस?"

भरतीत माणसाएवढ्या वजनाचा एक पुतळा काखेत हात घालून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यावा लागतो. धुरातून माणूस असाच बाहेर काढतात.

"ते आपोआप होतं म्हणे. चरबी गेली की ताकद मोकळी होते."

मी त्याला धरून वर नेलं. ताईने दार उघडलं आणि कौतुकाने त्याच्या पोटावरून हात फिरवला. "बघ ना, कसं पट्टीसारखं झालंय!"

"जिन्यात बसला होता, ताई. चढवत नव्हतं त्याला."

"ध्यान करत असेल."

मी आवाज चढवणाऱ्यातली नाही. त्या वेळी चढवला. काही उपयोग झाला नाही. ताई म्हणाली, "त्याच्या नोकरीवर या घराचं सगळं आहे. तुझ्या शंकांनी आयत्या वेळी त्याचं मन डळमळलं तर मी तुला माफ करणार नाही." गुब्या भिंतीकडे तोंड करून झोपला.

उलगडा झाला तो रणगाड्यामुळे. हा आमच्या समोरच्या इमारतीत राहणारा, गुब्याबरोबरच भरतीला बसणारा मुलगा. फर्निचरच्या दुकानात कपाटं चढवायचं-उतरवायचं काम करतो. मान नसल्यासारखीच, छाती दरवाजाएवढी, आणि पोटही आहे; म्हणून हे नाव. उस्तादाने त्याला तीनदा अग्निस्पर्श करून तीनदा तरंगताना पाहिलं होतं आणि भर गर्दीत हाकलून दिलं होतं. तो दूध न्यायला आमच्या डेअरीच्या दुकानात आला तेव्हा मी तिथेच होते. तो खालमानेनेच उभा होता.

"काय म्हणतोय भरतीचा सराव?" मी विचारलं.

"मी नाही बसत या वेळी, मावशी. उस्ताद म्हणाले, माझी चरबी हट्टी आहे. मन अशुद्ध असलं की असं होतं म्हणे."

"तीनदा बुडला नाहीस?"

तो घुटमळला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "हसू नका हं. मला पाण्याची भीती वाटते. ते हूं करायला लावतात ना, तेव्हा सगळे रिकामे होतात. मी थोडी हवा चोरून आत ठेवतो. हवाच नसली आत, तर बुडून मरायचो ना!"

मी हसले नाही. मी दुधाच्या दोन पिशव्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "परीक्षेला बस. तुझं मन स्वच्छ आहे. नुसतं भित्रं आहे."

ज्याला रोज दुधाच्या भेसळीशी झगडावं लागतं त्याला यापुढे काही सांगायला नको. दुधात लॅक्टोमीटर सोडतात. दूध जितकं घट्ट, तितकी ती काचेची नळी वर राहते. पाणी घातलं की दूध पातळ होतं, नळी खाली जाते आणि चोर सापडतो. पण साय हलकी असते. ती काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं. मग त्यात पाणी घातलं की ते पुन्हा पहिल्याइतकं होतं. साय काढून पाणी घालणारा दूधवाला लॅक्टोमीटरसमोर छाती काढून उभा राहतो, आणि नळी बरोबर खऱ्या दुधाच्या खुणेवर उभी राहते. नळी खोटी नसते. तिच्या एका आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. म्हणून आम्ही फॅट वेगळं मोजतो.

उस्तादाच्या तलावातही दोन गोष्टी मिसळल्या होत्या. चरबी हलकी, हे खरं. पण त्याहून कितीतरी हलकी गोष्ट माणूस छातीत घेऊन फिरतो. तरुण माणसाच्या भरलेल्या छातीत काही लिटर हवा मावते. ती असली की सडपातळ माणूसही तरंगतो. ती काढली की बऱ्यापैकी गुबगुबीत माणूसही बुडतो. अग्निस्पर्शाआधी 'छाती भर', अग्निस्पर्शानंतर 'उरलीसुरली पण काढ'. सगळी गर्दी उस्तादाच्या तळहातांकडे आणि पोराच्या पोटाकडे बघत होती. छातीकडे कोणी बघत नव्हतं.

तरीही मी आधी स्वतः पडताळून पाहिलं. बायकांच्या वेळेत तलावावर गेले, छाती भरून गुडघे पोटाशी घेतले आणि छान तरंगले. मग हवा पूर्ण सोडली. तळाची फरशी माझ्या नाकासमोर आली. उस्तादाने मला कधीही हात लावलेला नाही, आणि माझ्या अंगावर चरबी आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

शनिवारी गुब्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा कठीण होत गेला.

"पण माझं वजन खरंच कमी झालंय, मावशी."

"होणारच. माणूस जेवला नाही की चरबी जाते, तसे स्नायूही जातात. तलाव तुला हे सांगत नाही. जिना सांगतो."

"म्हणजे मी एवढं सोसलं ते उगाच?"

भोंदूची खरी राखण हा प्रश्नच करतो. ज्याने जितकं जास्त सोसलं, तो तितका दाराशी घट्ट उभा राहतो.

"एकदा फक्त छाती भरून उतर पाण्यात," मी म्हटलं. "तुझ्या निळ्या पट्ट्यासकट."

"उस्तादांवर संशय घेऊन? नाही." आणि तो उठून गेला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. वज्रबुडी म्हणजे उपाशी पोरांनी छाती रिकामी करून तळाशी पडून राहायचं, एका माणसाला शिट्टी वाजवावीशी वाटेपर्यंत. अशा वेळी शुद्ध हरपते तेव्हा माणूस हातपाय मारत नाही, ओरडत नाही. तो नुसता पडून राहतो, आणि वरचे लोक समजतात की वज्र झाला. जीवरक्षकाच्या खुर्चीवर कोण बसलंय, ते मी सांगितलंच आहे.

मी पोहण्याचा पोशाख घालून, वर टॉवेल गुंडाळून गेले आणि पहिला मुलगा उतरायच्या आधी खुर्चीखाली जाऊन उभी राहिले.

"उस्ताद, आधी मला उतरू द्या."

गर्दीत खसखस पिकली. ताईने डोळे मिटून घेतले.

"बाई, बायकांची वेळ दुपारी असते," उस्ताद कर्ण्यातून म्हणाला.

"मला भरतीला जायचं नाही. फक्त बुडायचं आहे. तुमच्या स्पर्शाशिवाय."

"अहो, विज्ञानवाल्या बाई ना तुम्ही? विज्ञान जिथे संपतं, तिथे माझी पहिली पायरी सुरू होते!"

"पायरी ओली आहे. सांभाळून उतरा."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मी टॉवेल ठेवला, पाण्यात उतरले, छाती भरून तरंगले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा हुंकार दिला, शेवटची फुंकर सोडली आणि तळाशी जाऊन बसले. वर आले तेव्हा सगळ्या माना उस्तादाकडे वळल्या होत्या.

उस्तादाने कर्णा उचलला. "पाहिलंत, मंडळी? पाण्यात तेज उतरलंय! इतक्या पोरांना मी या पाण्यात शुद्ध केलं. आता नुसतं पाणीच काम करतं! बाईंची चरबी फुकटात गेली!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी काठाला धरून आ वासून बघत राहिले. थाप उघडी पडली की तिच्या जागी दुसरी उभी करायला या लोकांना श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पाण्यात तेज आहे, तर आता यात कोणी तरंगता कामा नये. ज्याची चरबी सगळ्यात आधी गेली, तुमचा तो लाल पट्टेवाला येऊ दे. पण आधी छाती भरायची."

लाल पट्टा मिळवलेला तो एकच होता, टायरच्या दुकानातला, हाडाकाठीचा पोरगा. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. "येतो की," म्हणत तो ऐटीत उतरला. छाती भरली, गुडघे पोटाशी घेतले आणि भोपळ्यासारखा वर राहिला. चेल्यांनी पाठीवर दाबलं. खाली गेला आणि पुन्हा वर आला.

"अरे, याची चरबी परत आली की काय?" एका बापाने विचारलं. "गेल्या रविवारी तर नव्हती."

"काल लग्नाबिग्नाला गेला असेल," दुसरा म्हणाला.

"त्याच्या मनात संशय आला!" उस्ताद ओरडला. "या बाईंनी घातला!"

"संशय तरंगतो का हो, उस्ताद?" हा आवाज रणगाड्याचा होता. "मग माझ्यात तीनदा संशयच होता, चरबी नव्हती. तसं लिहून द्या."

आता हसणाऱ्यांची संख्या वाढली होती. पण मी गुब्याकडे बघत होते. तो रांगेतून बाहेर आला होता. त्याने कंबरेचा निळा पट्टा सोडला नाही, तो तसाच घालून शिडीने पाण्यात उतरला. कोणाकडेही बघितलं नाही. छाती भरली. तरंगला. हवा सोडली. बुडाला. वर येऊन दम खाल्ला आणि अर्धीच छाती भरली. या वेळी तो ना वर राहिला ना तळाला गेला. डोक्याच्या केसांपुरता पाण्याबाहेर, तसाच लोंबकळत राहिला. त्याने ते पुन्हा केलं. मग आणखी एकदा. जणू तलावावर तो एकटाच होता. मी प्रयोगशाळेत नवीन आलेल्या माणसांना महिनाभर घोकून शिकवते ते हा पोरगा रिकाम्या पोटी, स्वतःच्या अंगावर करत होता.

शेवटी तो काठाला आला. पाण्यातूनच वर बघून म्हणाला, "उस्ताद, तुमच्यात तर चरबी नावाला नाही ना?"

"कणभर नाही!"

"मग या की पाण्यात. छाती भरून बुडून दाखवा."

"या, या!" सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला. आठवडाभरापूर्वी हीच गर्दी 'बुडाला' म्हणून नाचत होती. तिला कोणीतरी बुडायला हवंच होतं.

उस्तादाने खुर्चीचे हात धरले. "माझ्या अंगात अग्नी आहे, मंडळी... पाणी लागलं तर शांत होईल... तुमचंच नुकसान..."

दोन बाप खुर्चीच्या पायऱ्या चढायला लागले तसा तो किंचाळला, "ढकलू नका! मला पोहता येत नाही!"

कर्णा चालूच होता. ते वाक्य तलावावर घुमलं आणि सगळ्या भिंतींना आपटून परत आलं.

मी त्या बापांना थांबवलं. कोणालाही बुडवायला मी आले नव्हते. उलट हवा सोडून तळाशी पडण्याचा हा खेळ कोणीही, कधीही, कुठेही खेळू नये, असं मी तिथे काठावर उभी राहून, टॉवेल गुंडाळून, दात वाजत असताना सांगितलं. पोरं घोळका करून आली. एकाने विचारलं, "मग चरबीचं काही नसतंच का, मावशी?"

"असतं की. जास्त चरबी म्हणजे धावताना पाठीवर भरलेली पिशवी. ती वाहताना हृदय दमतं, वेळ वाढतो. ती उतरवलीच पाहिजे. पण जेवून, पळून, महिन्यांनी. आणि पिशवी हलकी करायची म्हणून पाय तोडून टाकायचे नसतात. थोडी चरबी शरीराला लागतेच. सारखीच चरबी असलेले दोन जण मैदानावर उभे करा. एक शिडी चढून जातो, दुसरा पहिल्याच मजल्यावर बसतो. कोण तयार आहे ते शिडी सांगते. पोट सांगत नाही. तलाव तर मुळीच सांगत नाही."

उस्ताद त्या संध्याकाळीच नाहीसा झाला. नंतर कळलं की दुसऱ्या एका गावात तो आता बर्फाने हाडं मजबूत करतो.

गुब्या त्या दुपारपासून जेवायला लागला. दूध, अंडी, केळी, ताईने केलेलं जे असेल ते. मीही मनात आशा धरून होते, हे खोटं कशाला सांगू? पण महिनाभर हरवलेलं बळ तीन दिवसांत परत येत नाही. शरीर चमत्कार करत नाही, आमच्या बाजूनेही नाही.

परीक्षेला ताई आणि मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या होतो. धावण्यात गुब्या पास झाला, कसाबसा. शिडी चढला. मग पुतळा. त्याने काखेत हात घालून तो उचलला, मागे मागे ओढत अर्ध्या मैदानापर्यंत आणला. तिथे त्याचे गुडघे वाकले. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा वाकले. परीक्षक त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रणगाडा धावण्यात शेवटून दुसरा आला, पण वेळेत आला, आणि पुतळा त्याने कपाट हलवावं तसा गप्पा मारत नेऊन ठेवला. तो निवडला गेला.

घरी येऊन ताईने दार लावलं. मग माझ्याकडे वळली. "झालं समाधान? तू मध्ये पडली नसतीस, त्याने वज्र घेतलं असतं, मनाला बळ आलं असतं. त्यांचा शब्द मोडला आणि लगेच हे झालं."

गुब्या बूट काढत होता. तो वाकलेलाच थांबला.

"आई, तो पुतळा शब्दाने हलत नाही," तो म्हणाला. "मी त्याला धरलं ना, तेव्हा मला वाटलं, हा खरा माणूस असता तर? धुरात असता आणि त्याला काढायला मी गेलो असतो तर? अर्ध्या वाटेत टाकला असता मी त्याला. मी महिनाभर उपाशी राहिलो होतो म्हणून. कोणाच्या शापाने नाही." मग बूट बाजूला ठेवून म्हणाला, "आज नापास झालो ते बरं झालं. वाढ मला."

ताई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता, पण तिने दोन वेळा वाढलं.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या मुलाला उद्या कोणी यंत्रावर उभं करेल, पट्टीने मोजेल, पाण्यात सोडेल आणि एक आकडा दाखवून सांगेल की हा बघा चमत्कार. त्याला एकच प्रश्न विचारा. हा आकडा आणखी कशाकशाने बदलतो? खऱ्या माणसाला हा प्रश्न आवडतो, तो बसून तुम्हाला समजावतो. ज्याला राग येतो, ज्याला तुमच्या मनातला संशय दिसू लागतो, त्याच्याकडे पाठ फिरवा आणि मुलाला घरी नेऊन पोटभर जेवू घाला.